पॅप अहवालातील ‘बदल’ म्हणजे कर्करोग नव्हे
दादरला लोकलच्या गर्दीत मोबाइलवर पॅप तपासणीचा (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या चाचणीचा) अहवाल उघडावा, ‘पेशींत बदल’ हे शब्द दिसावेत आणि पायांखालची जमीन सरकावी, याचे कारण ‘अहवाल बिघडला म्हणजे कर्करोगच’ हा जुना, चुकीचा समज होय. हे बदल बहुधा एचपीव्ही विषाणूमुळे होतात. हा संसर्ग बहुतेकींत दोनेक वर्षांत आपोआप ओसरतो, आणि टिकलाच तरी त्यातून कर्करोग व्हायला सहसा १५ ते २० वर्षे लागतात, प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास मात्र कमी. पुढची तपासणी, म्हणजे कोल्पोस्कोपी, ही शस्त्रक्रियाही नव्हे: गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलेच) लावतात आणि संशयास्पद भाग पांढरा पडतो का, ते भिंगातून पाहतात. कर्करोग इतका सावकाश होत असल्याने कोल्पोस्कोपीच्या तारखेपर्यंतचे काही आठवडे सहसा धोक्याचे नसतात. तारीख चुकवणे धोक्याचे. संबंधानंतर किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर रक्त दिसल्यास मात्र डॉक्टरांना लगेच कळवावे.