नातं शोधायचं तर जमिनीच्या मागे जा

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या नेर्झबरो गावच्या चर्चमध्ये, साधारण १४५१ साली, सूर्य उगवायच्या आत एक लग्न लागलं. नवरदेव सर विल्यम प्लम्प्टन, वय पन्नाशीकडे झुकलेलं, अंगात हिरव्या चौकड्यांचं वस्त्र. नवरी जोन विंटरिंगहॅम, तांबड्या पोशाखात. लग्न लागल्यावर सर विल्यमनं हजर असलेल्या मोजक्या माणसांची विनवणी केली, की मी स्वतः सांगेपर्यंत ही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका.

साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका चोरट्या लग्नातल्या कपड्यांचे रंग आपल्याला कसे ठाऊक? लग्नाची नोंद कुठेच झाली नव्हती. रंग टिकले ते साक्षीमुळे. वीसेक वर्षांनी हे प्रकरण यॉर्कच्या धर्मन्यायालयात गेलं, आणि त्या पहाटे हजर असलेल्या चर्चच्या सेवकानं जे पाहिलं ते शपथेवर सांगितलं. प्रकरण तिथवर जाण्याचं कारण होतं जमीन.

सर विल्यमला पहिल्या बायकोपासून झालेले दोन्ही मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत गेले. धाकटा १४६१ साली टाउटनच्या लढाईत पडला. त्याच्या मागे दोन चिमुरड्या मुली राहिल्या, मार्गारेट आणि एलिझाबेथ. आजोबांनी १४६३ साली मार्गारेटचं लग्न ब्रायन रॉक्लिफच्या मुलाशी ठरवलं आणि पुढच्याच वर्षी एलिझाबेथचं हेन्री सॉटहिलच्या मुलाशी. ही मुलगी माझ्या इस्टेटीची वारस आहे, असं दोन्ही व्याह्यांना सांगून दोघांकडूनही पैसे घेतले. त्याच सुमारास जोनपासून झालेला मुलगा रॉबर्ट घरात वाढत होता. लग्न खरं, तर मुलगा औरस, आणि औरस मुलगा निघाला की नातींचा वारसा धोक्यात. पुढे जोनबरोबर राहण्यावरून धर्मन्यायालयानं जाब विचारला, तेव्हा सर विल्यमनं तोंड उघडलं. १४७२ साली लग्न वैध ठरलं. एका निकालानं दोन्ही नातींचा वारसा धोक्यात आला, आणि त्यातून उभा राहिलेला कज्जा पुढच्या पिढीच्या गळ्यात पडला.

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यांची नाती जोडू पाहणाऱ्या प्रत्येकानं प्लम्प्टनांची ही कथा आधी वाचावी, असं मला मनापासून वाटतं. ही घराणी म्हणजे ‘जेंट्री’, उमरावांच्या खालचा थर. नाइट, एस्क्वायर, जंटलमन म्हणवणारे, एखाद-दोन गावं किंवा डझनभर गावं बाळगून असणारे लोक. राजांच्या वंशावळी बखरकारांनी लिहून ठेवल्या, यांच्या कुणी लिहिल्या नाहीत. चर्चमध्ये बाप्तिस्मा-लग्न-दफनाची नोंदवही ठेवण्याचा हुकूम निघाला तो १५३८ साली. त्याआधीच्या काळात कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची बहीण, हे सांगायला म्हणून ठेवलेलं एकही दफ्तर नाही. नाती कळतात ती जमिनीच्या, कराच्या आणि कोर्टाच्या कागदांतून. खरं तर कागद नव्हेच, कातडं कमावून केलेलं चर्मपत्र. बापाची जमीन मुलाकडे आपोआप जात नसे, ती जाताना कुणाला तरी पैसे द्यावे लागत किंवा कुणाशी तरी भांडावं लागे. त्या व्यवहारात कारकुनाला नातं लिहिणं भागच असे.

यातला सगळ्यात मोलाचा दस्त म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी. राजाकडून थेट जमीन धारण करणारा माणूस वारला की राजाच्या कचेरीतून त्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला हुकूम जाई. तो गावकऱ्यांतले निदान बारा पंच गोळा करी आणि त्यांच्याकडून शपथेवर उत्तरं घेई. मयताकडे कोणत्या जमिनी होत्या, त्या कोणत्या चाकरीच्या बदल्यात होत्या, वर्षाचं उत्पन्न किती, तो कोणत्या दिवशी वारला, जवळचा वारस कोण आणि त्याचं वय काय. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतच्या अशा चौकश्या आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्याकडे वारस नोंदीच्या वेळी तलाठ्यापुढे होणारा पंचनामाच म्हणा. फक्त तो सातशे वर्षांपूर्वीचा आहे आणि लॅटिनमध्ये आहे.

राजाला वारसाच्या वयाशी काय देणंघेणं? पैशाचं. वारस अज्ञान असेल तर त्याची जमीन तो सज्ञान होईपर्यंत राजाच्या ताब्यात राही, आणि त्याचं लग्न कुणाशी लावायचं हा हक्कही राजाचा. हे पालकत्व चक्क विकलं जाई. म्हणून वय नेमकं हवं. पण ‘वय ३० वर्षे आणि अधिक’ असं वाचलं की हुरळून जायचं नाही. सज्ञान वारसाच्या वयाशी कुणाच्याच पैशाचा संबंध नसे, त्यामुळे पंच ढोबळ आकडा ठोकून देत. एकाच माणसाबद्दल दोन परगण्यांतल्या पंचांनी वेगवेगळी वयं दिलेली दिसतात. ‘वय ११ वर्षे, गेल्या सेंट मायकेलच्या सणाला पूर्ण’ असं काही असेल तर मात्र कान टवकारावेत. आणि राजाकडून थेट जमीन नसलेलं घराणं या दफ्तरात सापडणारच नाही. शोधून काही मिळालं नाही म्हणून ते घराणंच नव्हतं असं म्हणता येत नाही.

अज्ञान वारस मोठा झाला की जमीन सोडवायला त्याला वय सिद्ध करावं लागे. मुलगा २१ वर्षांचा, मुलगी लग्न झालेली असेल तर १४, नाहीतर १६. जन्मदाखला नाहीच. मग शेजारपाजारची मध्यमवयीन आणि म्हातारी माणसं येऊन तो दिवस आपल्याला का आठवतो ते सांगत. त्याच आठवड्यात माझी बायको गेली. त्याच दिवशी मी घोड्यावरून पडून पाय मोडला. बारशाच्या पाण्याचं भांडं मीच चर्चमध्ये नेलं. या जबान्या वाचताना एक आख्खं गाव डोळ्यांपुढे उभं राहतं आणि माझं कामातलं लक्ष उडतं. पण जपून. इतिहासकारांच्या लक्षात आलं की तेच मोडलेले पाय आणि तीच जळालेली घरं वेगवेगळ्या गावांच्या नोंदींत पुन्हापुन्हा येतात. काही ठिकाणी कारकुनांनी जुन्या जबान्या उतरवून काढल्याचा संशय घ्यायला जागा आहे. तरीही कोण कुणाचा मुलगा हा गाभा सहसा विश्वासार्ह राहतो, कारण तो खोटा ठरला तर जमिनीचा व्यवहारच अडेल.

दुसरं दफ्तर ‘फीट ऑफ फाइन्स’चं. इथे फाइन म्हणजे दंड नाही. राजाच्या कोर्टात, पुष्कळदा नुसत्या नावापुरता दावा लावून, केलेली ती तडजोड. एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदा लिहीत, दोन प्रती वर शेजारीशेजारी आणि तिसरी तळाशी आडवी. मधल्या जागेत मोठी अक्षरं काढून त्यांच्यावरून नागमोडी कापत. दोन प्रती दोन्ही पक्षांकडे जात आणि पायाकडची प्रत सरकारी खजिन्यात. कुणी बनावट प्रत पुढे केली तर कापाची नागमोड जुळायची नाही. तीन प्रतींची ही पद्धत आर्चबिशप ह्यूबर्ट वॉल्टरच्या काळातली, आणि पहिली प्रत १५ जुलै ११९५ ची. या पद्धतीनं केलेला हा पहिलाच दस्त, असं तिच्यावरच लिहून ठेवलंय, आणि त्यातला फिर्यादी आर्चबिशपचा सख्खा भाऊ थिओबाल्ड आहे. ही पद्धत १८३३ पर्यंत चालली. नाती शोधणाऱ्याला त्यात बायकोचं नाव मिळतं, आणि जमीन ‘अमुक आणि त्याच्या पोटच्या वारसांना, ते नसल्यास त्याच्या भावाला’ अशी बांधून दिली असेल तर भावंडांचा क्रमही मिळतो. १२८५ च्या कायद्यानं अशी बांधलेली जमीन मोडणं अवघड केलं. मग शंभर वर्षांनी दावा करणाऱ्याला मूळ माणसापासून स्वतःपर्यंतची प्रत्येक पायरी कोर्टात नावानिशी सांगावी लागे. कोर्टाच्या गुंडाळ्यांत अशा चार-चार, पाच-पाच पिढ्या एका परिच्छेदात सापडतात. दुसऱ्या बाजूचा वकील समोर बसलेला असल्यानं थाप पचणं सोपं नव्हतं.

मला सर्वांत आवडणारा पुरावा मात्र अपूर्णांकांचा. इंग्लंडच्या कायद्यात मुलगे असले की थोरला सगळं घेई. मुलगेच नसले तर सगळ्या मुलींना सारखा वाटा. त्यामुळे एखाद्या गावाचा सहावा हिस्सा कुणाच्या नावावर दिसला की लगेच अंदाज बांधता येतो, की आधी तीन बहिणी असाव्यात आणि त्यातल्या एकीला दोन मुली. हे नुसतं तर्कट नाही. पेंब्रोकचा अर्ल विल्यम मार्शल याचं उदाहरण मोठ्या घराचं आहे, पण गणित तेच. त्याचे पाचही मुलगे एकामागून एक निपुत्रिक गेले, शेवटचा १२४५ च्या डिसेंबरात. इस्टेटीचे पाच बहिणींच्या नावे पाच वाटे पडले. त्यातल्या सिबिलला सात मुली, म्हणून तिच्या पाचव्या वाट्याचे पुन्हा सात तुकडे. पुढे कुठे एक पस्तीसांश हिस्सा दिसला तर धारकाच्या आईचं किंवा आजीचं माहेर वेगळं विचारायला नको. छोट्या घराण्यांत बाईचं नाव सगळे कागद गिळून टाकतात, पण तिचा वाटा कुठेतरी आकड्यात उरतो. अपूर्णांक पाहिला की मी त्याच्यामागची बहीण शोधायला लागते.

शब्द मात्र दगा देतात. मराठी माणसाला याचा जास्तच त्रास होतो, कारण आपल्याला पुतण्या, भाचा आणि नातू हे तिघं वेगळे लागतात. मध्ययुगीन लॅटिनमधला ‘नेपोस’ यांच्यातला कुणीही असू शकतो. ‘अवुन्कुलुस’ म्हणजे मुळात मामा, पण त्या काळचे कारकून काकालाही सर्रास तेच म्हणत. ‘कॉन्सँग्विनेउस’ म्हणजे रक्ताचा नातलग, एवढंच. पत्रात ‘भाऊ’ म्हणून हाक मारलेला माणूस मेहुणाही निघतो. धाकटा-थोरला अशी उपाधी नावापुढे असली तरी ते बापलेकच असतील असं नाही. नावांचंही तेच. सर विल्यम प्लम्प्टनच्या पहिल्या बायकोच्या मुलांची नावं रॉबर्ट आणि विल्यम. त्याच्या दोन अनौरस मुलांची नावंही रॉबर्ट आणि विल्यम. आणि जोनचा मुलगा, पुन्हा रॉबर्ट. एका बापाचे तीन रॉबर्ट! एखाद्या दस्तात नुसतं ‘रॉबर्ट, सर विल्यमचा मुलगा’ असेल तर तारीख आणि जमीन ताडून पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आणि मिरवण्यासाठी केलेली वंशावळ असली तर दुप्पट सावध राहावं. नॉरफोकच्या पास्टन घराण्याची पत्रं जगप्रसिद्ध आहेत. त्यांचा मूळ पुरुष क्लेमेंट, मृत्यू १४१९. विरोधकांनी लिहिलेल्या एका टिपणात तो साधा नांगर धरणारा शेतकरी आहे, घोड्याच्या उघड्या पाठीवर धान्य घालून त्यावरच बसून गिरणीला जाणारा. त्याचा मुलगा शिकला आणि न्यायाधीश झाला. नातवंडांनी सर जॉन फास्टॉल्फ या श्रीमंत नाइटच्या वारशासाठी मोठे शत्रू ओढवून घेतले, तेव्हा हे लोक मुळात वेठीचे कुळवाडी आहेत असा आरोप झाला. पास्टनांनी जुने दस्त आणि वंशावळ पुढे केली, आणि १४६६ साली चौथ्या एडवर्ड राजानं ते नॉर्मन विजयापासूनचे, म्हणजे १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं तेव्हापासूनचे, कुलीन असल्याचं मान्य केलं. राजाच्या मान्यतेनं वंशावळ खरी ठरत नाही. १५३० ते १६८८ या काळात राजाचे भाट-अधिकारी, म्हणजे हेरल्ड, परगण्यापरगण्यांत फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून घेत. सांगणाऱ्याच्या आजोबांपर्यंत त्या बऱ्याच उपयोगी असतात. त्याच्या मागे जसजसं जावं तसा जमिनीचा दाखला मागायलाच हवा.

मग डीएनए? लेस्टरमध्ये २०१२ साली वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला. आईकडून मुलांना मिळणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए रिचर्डच्या बहिणीच्या आज हयात असलेल्या वंशजांशी जुळला. म्हणजे मुलीच्या मुलीच्या मुलीची ती लांबलचक साखळी कागदांवरून बरोबर जोडली गेली होती. पण बापाकडून मुलाला मिळणारं वाय गुणसूत्र जुळलं नाही. कागदावर एकाच पुरुषवंशातले ठरणारे पाच हयात पुरुष तपासले. चौघे एकमेकांशी जुळले, पाचवा वेगळा निघाला, आणि रिचर्डशी एकही जुळला नाही. कुठल्यातरी पिढीत कागदावरचा बाप आणि रक्ताचा बाप वेगळे होते. कागद खोटा होता असं मी म्हणणार नाही. कागदानं जमीन कुणाकडे गेली ते सांगितलं, आणि ती खरोखर तशीच गेली.

प्लम्प्टनांचा कज्जा सर विल्यम १४८० साली वारल्यानंतरही चालू राहिला. नातींच्या बाजूनं पुढे सातव्या हेन्री राजाचा बडा अधिकारी रिचर्ड एम्पसन उभा राहिला, आणि १५०२ साली निकाल जोनच्या मुलाच्या, रॉबर्टच्या, विरुद्ध गेले. या सगळ्या वर्षांत रॉबर्ट सर विल्यमच्याच रक्ताचा आहे का, हा वाद नव्हताच. आज त्याचं हाड सापडलं आणि प्रयोगशाळेनं नातं शंभर टक्के सिद्ध केलं, तरी १४७२ मध्ये यॉर्कच्या न्यायाधीशांपुढे असलेला प्रश्न तसाच उरेल. त्यांना विचारायचं होतं, की नेर्झबरोच्या चर्चमध्ये त्या पहाटे दोघांनी एकमेकांना नक्की काय शब्द दिले, आणि ते ऐकायला कोण उभं होतं.