कौटुंबिक कायद्याचा पेपर: आधी तारीख पाहा, मग कलम लिहा

(आमच्या वर्गातल्या आणि नव्याने येऊ पाहणाऱ्या एलएलबीच्या विद्यार्थ्यांसाठी)

कौटुंबिक कायद्याचा विषय ओळखीचा वाटतो. लग्न, घटस्फोट, पोटगी, वाटणी हे शब्द प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असतात. त्यामुळे दीर्घोत्तरी प्रश्न आला की पाने भराभर भरतात, गुण मात्र तेवढे पडत नाहीत. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या उत्तरांत याचे कारण बहुतेक वेळा एकच दिसते. घटना कधी घडली आणि त्या दिवशी कोणता कायदा लागू होता, हे न पाहताच लिहायला सुरुवात झालेली असते. या विषयात कायदा थरावर थर चढत आला आहे. म्हणून प्रश्न हातात आला की पेन्सिलने दोन गोष्टींखाली रेघ मारा: पक्षकारांना कोणता वैयक्तिक (म्हणजे धर्मानुसार लागू होणारा) कायदा लागू आहे, आणि प्रश्नातली प्रत्येक तारीख.

क्रूरता: दास्ताने खटला नीट वाचा

क्रूरतेवरच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात दास्ताने वि. दास्ताने (1975) हा निकाल असतो, आणि अनेकदा तो ‘क्रूरतेवरून घटस्फोट मिळाला’ असा लिहिलेला असतो. हे चुकीचे आहे. पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेल्या या खटल्याच्या वेळी हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये क्रूरता हे फक्त न्यायिक विभक्ततेचे (लग्न न मोडता वेगळे राहण्याचे) कारण होते. घटस्फोटाचे कारण म्हणून ते 1976 च्या दुरुस्तीने आले. शिवाय पतीला विभक्ततासुद्धा मिळाली नाही. पत्नीचे वागणे क्रूरतेत मोडते असे सर्वोच्च न्यायालयाने मानले, पण त्यानंतरही दोघे एकत्र नांदले, म्हणजे पतीने ते वागणे माफ केले, असे ठरवून त्याचे अपील फेटाळले. या निकालातला सर्वांत उपयोगी भाग पुराव्याचा आहे. क्रूरता फौजदारी खटल्यासारखी संशयातीत सिद्ध करावी लागत नाही, शक्यतेचे पारडे कुणीकडे झुकते तेवढे पाहायचे. एवढ्या चार गोष्टी बरोबर लिहिल्या तर परीक्षकाला कळते की विद्यार्थ्याने निकाल वाचला आहे, नुसते नाव पाठ केलेले नाही. पुढे समर घोष वि. जया घोष (2007) जोडून मानसिक क्रूरतेकडे वळावे.

वारसा आणि वाटणी: गणित करून दाखवा

सगळ्यांत जास्त गुण इथे मिळतात आणि इथेच जातात. गुरुपाद वि. हिराबाई (1978) हा महाराष्ट्रातलाच खटला घ्या. खंडाप्पा 1960 मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 च्या तेव्हाच्या कलम 6 प्रमाणे मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली असे धरायचे. त्या काल्पनिक वाटणीत खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी 1/4. हिंदू कायद्याच्या आपल्याकडच्या मुंबई शाखेत पत्नीला वाटणी मागता येत नाही, पण वाटणी झालीच तर मुलाएवढा हिस्सा मिळतो, म्हणून ती यात आहे. मग खंडाप्पांचा 1/4 सहा वारसांत वाटायचा, म्हणजे प्रत्येकी 1/24. हिराबाईंना एकूण 7/24, प्रत्येक मुलाला 7/24 आणि प्रत्येक मुलीला फक्त 1/24. खालच्या न्यायालयाने हिराबाईंना 1/24 एवढाच हिस्सा दिला होता. काल्पनिक वाटणीचे सगळे परिणाम पत्करावे लागतात, मध्येच थांबता येत नाही, हे या निकालाचे सूत्र आहे.

आता हेच कुटुंब घ्या, पण वडिलांचा मृत्यू 9 सप्टेंबर 2005 नंतरचा धरा. त्या दिवशी लागू झालेल्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायक झाली, म्हणजे मुलासारखीच एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हिस्सेदार झाली. आता काल्पनिक वाटणीत वडील, आई आणि पाच मुले असे सात हिस्से पडतात. वडिलांचा 1/7 पुन्हा सहा जणांत, म्हणजे प्रत्येकी 1/42. बेरीज करा: आई, मुलगे, मुली, सगळ्यांना प्रत्येकी 1/6. मुलीचा हिस्सा 1/24 वरून 1/6 झाला. आम्ही हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याकडून फळ्यावर करून घेतो, कारण समान हक्क म्हणजे काय हे यातून जसे उलगडते तसे दहा पानी व्याख्यानातून उलगडत नाही.

महाराष्ट्राने त्याआधी 1994 मध्येच स्वतंत्र दुरुस्ती केली होती, पण ती लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली तिच्या बाहेर राहिल्या. 2005 च्या कायद्यात ही अट नाही. विनीता शर्मा वि. राकेश शर्मा (2020) ने आणखी एक शंका मिटवली: 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असणे गरजेचे नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मोडता येत नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ असा बचाव प्रश्नात दिसला की थांबा. सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल अशा अपवादात्मक प्रसंगीच न्यायालय तो मानते.

नांदायला येण्याचा हुकूम

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 वरचा निबंध टी. सरिता (1983) आणि सरोज राणी (1984) या दोन निकालांवर संपवू नका. सुरुवात मुंबईतून करा. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींकडे नांदायला जायला नकार दिला. 1885 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पतीचा दावा फेटाळला, पण 1887 मध्ये ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद’ असा आदेश झाला. रखमाबाई त्या कैदेलाही तयार होत्या. पुढे तडजोड झाली आणि त्या डॉक्टर झाल्या. ही कल्पना मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतली, आणि इंग्लंडने स्वतः ती 1970 मध्ये रद्द केली. आज आपल्याकडे हुकूमनामा मोडल्यास कैद होत नाही, मालमत्ता जप्त होऊ शकते. वर्षभर सहवास सुरू झाला नाही तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो.

जुनी कलमे, नवी कलमे

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेतले पोटगीचे कलम 125 हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झाले. भारतीय दंड संहितेतले द्विभार्या विवाहाचे कलम 494 भारतीय न्याय संहितेत कलम 82 झाले. प्रश्नातली घटना कधीची आहे ते पाहून कलम लिहा, जुना निकाल सांगताना जुना क्रमांकही द्या. मुस्लिम स्त्रीच्या पोटगीसाठी शाहबानो (1985), 1986 चा कायदा, डॅनियल लतिफी (2001) आणि मोहम्मद अब्दुल समद (2024) हा क्रम लक्षात ठेवा. पोटगीची रक्कम कशी ठरते, यासाठी रजनेश वि. नेहा (2020).

समान नागरी कायद्यावर निबंध आला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 44 नंतर थेट मतप्रदर्शनाकडे जाऊ नका. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. उत्तराखंडचा कायदा जानेवारी 2025 मध्ये लागू झाला. या दोन्हींवर लिहिल्यावर तुमच्या मताला वजन येते.

आमच्याकडे काय मिळेल

पहिल्या दिवशी कायद्याची मूळ प्रत आणि तुमच्या विद्यापीठाच्या मागच्या काही प्रश्नपत्रिका आणा. गाईड आणू नका. मराठीतून लिहिणाऱ्यांची उत्तरे आम्ही मराठीतूनच तपासतो. प्रत्येक उत्तर घड्याळ लावून, गुणांच्या प्रमाणात वेळ देऊन, हाताने लिहायचे. तपासताना भाषेचे गुण आम्ही शेवटी पाहतो. आधी पाहतो ते एवढेच: मुद्दा कोणता, त्या तारखेला कायदा कोणता, निकाल कशासाठी दिला आहे आणि प्रश्नातल्या माणसांना शेवटी काय मिळाले. यातले काही सुटले असेल तर उत्तर शेरा मारून परत येते, आणि तेच उत्तर त्याच आठवड्यात पुन्हा लिहून द्यायचे असते. दुसऱ्यांदा तपासण्याचे वेगळे शुल्क नाही.