निर्वाण

निर्वाण (पाली : निब्बान) : बौद्ध धम्मातील अंतिम साध्य. राग, द्वेष व मोह हे चित्तातील तीन अग्नी पुन्हा पेटणार नाहीत अशा रीतीने विझणे, हा या संज्ञेचा मूळ अर्थ होय. चार आर्यसत्यांपैकी तिसरे, दुःखनिरोधाचे सत्य, ते हेच. मराठीत ‘निर्वाण झाले’ याचा अर्थ ‘देहावसान झाले’ असा रूढ आहे, आणि ‘निर्वाणीचा प्रसंग’, ‘निर्वाणीचा इशारा’ या प्रयोगांतही शेवटाचीच छटा आहे. त्यामुळे ही मृत्यूनंतरची अवस्था असावी असा समज सहज होतो. परंपरेनुसार गौतम बुद्धांना निर्वाण लाभले ते वयाच्या 35 व्या वर्षी, उरुवेला येथे नेरंजरा नदीकाठी पिंपळाखाली, आणि त्यानंतर 45 वर्षे ते गंगेच्या खोऱ्यात पायी हिंडून उपदेश करीत राहिले. या संज्ञेचा विचार करताना ही 45 वर्षे सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागतात.

‘निर्वाण’ हा शब्द ‘वा’ (वाहणे, वारा घालणे) या धातूला ‘निर्’ हा उपसर्ग लागून बनला असून विझणे, निमणे हा त्याचा सरळ अर्थ आहे. पुढील टीकाकारांनी ‘वान’ म्हणजे तृष्णा, तिच्यातून बाहेर पडणे ते निर्वाण, अशीही व्युत्पत्ती दिली; ती भाषाशास्त्रापेक्षा उपदेशाच्या सोयीची आहे. मराठी वाचकाला मात्र या शब्दाचा गाभा कळण्यासाठी लांब जावे लागत नाही, कारण ‘निवणे’ हे आपले रोजचे क्रियापद त्याच कुळातले आहे. ताटातला भात निवतो, ताप उतरल्यावर अंग निवते, आणि बऱ्याच दिवसांनी लेकरू दिसले की डोळे निवतात. पालीतही ‘निब्बुत’ या शब्दात विझण्याबरोबर हा निवण्याचा, तृप्तीचा अर्थ आहे. सिद्धार्थाला पाहून किसा गोतमी नावाच्या क्षत्रिय कन्येने ‘निब्बुता नून सा माता’ (त्याची माता खरोखर निवली असेल) असे उद्गार काढल्याची कथा जातककथांच्या प्रस्तावनेत, निदानकथेत, आली आहे. तो शब्द कानी पडताच, खरोखर काय विझले म्हणजे मन निवते, हा प्रश्न सिद्धार्थाच्या मनात उठला असे ती कथा सांगते. ज्ञानप्राप्तीनंतर वाटेत भेटलेल्या उपक नावाच्या आजीवकाला (एका श्रमण पंथाच्या संन्याशाला) बुद्धांनी स्वतःची जी ओळख सांगितली, तीही ‘सीतिभूत’ आणि ‘निब्बुत’, म्हणजे थंड झालेला व निवलेला, अशीच होती.

अग्नीची ही प्रतिमा बुद्धवचनात सर्वत्र पसरलेली आहे. गयासीस येथे, पूर्वी अग्निपूजक असलेल्या 1000 जटिलांपुढे (जटाधारी तपस्व्यांपुढे) केलेल्या आदित्तपरियाय सुत्तात बुद्ध म्हणतात, की सर्व काही जळत आहे : डोळा जळत आहे, रूपे जळत आहेत, कान, नाक, जीभ, काया आणि मन जळत आहे, रागाग्नीने, द्वेषाग्नीने, मोहाग्नीने. जन्मभर अग्नीची सेवा केलेल्या श्रोत्यांना याहून नेमकी भाषा मिळणे कठीण होते. ‘उपादान’ ही पारिभाषिक संज्ञाही याच प्रतिमेतली आहे. तिचा एक अर्थ आसक्तीने धरून ठेवणे, आणि दुसरा सरपण. धरून ठेवणे थांबले की सरपण थांबते, आणि सरपण थांबले की आग कोणी न विझवता विझते. थेरीगाथेतील (भिक्षुणींच्या गाथासंग्रहातील) पटाचारा या भिक्षुणीचे कथन या दृष्टीने मनावर ठसणारे आहे. पाय धुतल्यावर उतारावरून वाहत जाणारे पाणी ती पाहते, चित्त एकाग्र होते. मग दिवा घेऊन ती विहारात जाते, मंचकावर बसते आणि सुईने वात खाली ओढते. ‘दिव्याचे निर्वाण व्हावे तसा माझ्या चित्ताचा विमोक्ष झाला’, असे ती सांगते. दिवा विझतो, पटाचारा मात्र तिथेच बसलेली असते.

बोधी आणि निर्वाण या संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात, तथापि त्यांत फरक आहे. ‘बोधी’ हा शब्द ‘बुध्’ म्हणजे जागे होणे या धातूपासून आला. इंग्रजी ‘एन्लाइटनमेंट’वरून आपल्याकडे जो प्रकाशाचा अर्थ रुळला, तो मूळ शब्दात नाही, तेथे झोपेतून उठणे आहे. ज्ञानप्राप्तीच्या त्या रात्रीच्या पहिल्या प्रहरात पूर्वजन्मांचे स्मरण, मधल्या प्रहरात कर्मानुसार प्राण्यांच्या च्युती (मरण) व उत्पत्तीचे ज्ञान, आणि शेवटच्या प्रहरात आस्रवांचा (चित्तातील मळांचा) क्षय, असा तीन विद्यांचा क्रम ग्रंथांत दिला आहे. काम, भव व अविद्या हे आस्रव क्षीण झाल्याचे जाणणे ही बोधी, आणि ते क्षीण होणे हे निर्वाण. तिसऱ्या प्रहरात दोन्ही एकत्र येतात. अर्हताचे (क्लेशमुक्त झालेल्या साधकाचे) निर्वाण बुद्धाच्या निर्वाणाहून वेगळे नसते. फरक इतकाच, की अरण्यात बुजलेली जुनी वाट शोधून काढणाऱ्या माणसाप्रमाणे बुद्ध मार्ग स्वतः शोधतो, आणि अर्हत त्या दाखवलेल्या मार्गाने जातो. स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी व अर्हत असे या वाटेचे चार टप्पे मानले असून दहा संयोजने (बंधने) क्रमाने तुटणे ही त्यांची खूण आहे.

इतिवुत्तक या पाली ग्रंथात निर्वाणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. क्लेश संपले पण देह व इंद्रिये अजून आहेत, सुखदुःखाचा स्पर्श होतो, ते सोपादिशेष. देहही संपला ते निरुपादिशेष, म्हणजेच परिनिर्वाण. बुद्धांचे महापरिनिर्वाण 80 व्या वर्षी कुसिनारा येथे, मल्लांच्या शालवनात दोन शालवृक्षांमध्ये झाले. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात या प्रसंगाचे सुमारे 7 मीटर लांबीचे शिल्प आहे. खाली शोकाकुल शिष्य, आणि वर आकाशात देवगण. निर्वाण न कळलेल्यांचे दुःख आणि कळलेल्यांची शांती एकाच दगडात इतके शेजारी क्वचितच पाहायला मिळते.

मग देहान्तानंतर तथागत (बुद्ध) कोठे असतो? वच्छगोत्त या परिव्राजकाने हाच प्रश्न विचारला. बुद्धांनी प्रतिप्रश्न केला : समोरची आग विझली, तर ती पूर्वेला गेली की पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? प्रश्नच लागू पडत नाही, हे वच्छगोत्ताने मान्य केले. येथे उच्छेदवाद (मरणानंतर आत्मा नष्ट होतो हे मत) नाही, कारण नष्ट होणारा नित्य आत्मा मुळात गृहीतच धरलेला नाही. आणि शाश्वतवादही (आत्मा कायम टिकतो हे मत) नाही. तरीही उदान या पाली ग्रंथात निर्वाणाला ‘अजात, अभूत, अकृत, असंस्कृत’ म्हटले आहे, आणि धम्मपदात ‘निब्बानं परमं सुखं’. या वचनांतूनच पुढील वाद उभे राहिले. स्थविरवादी व सर्वास्तिवादी हे बौद्ध संप्रदाय निर्वाणाला असंस्कृत (कारणांनी न घडलेला) पण वास्तव धर्म, म्हणजे तत्त्व, मानतात, तर सौत्रांतिक या दुसऱ्या संप्रदायाच्या मते तो केवळ अभाव होय. माध्यमिक तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या 25 व्या प्रकरणात संसार व निर्वाण यांत किंचितही भेद नाही असे म्हटले. दोन्ही स्वभावशून्य (स्वतंत्र अस्तित्व नसलेली) आहेत, हे त्याचे कारण. महायानातील ‘अप्रतिष्ठित निर्वाण’ या कल्पनेत बोधिसत्त्व (बुद्धत्वाकडे निघालेला साधक) संसारात गुंतत नाही आणि शांतीतही स्थिरावत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (1957) या ग्रंथात निर्वाणाचा अर्थ या जगातील सदाचरणी जीवनाशी जोडला. आत्म्याच्या मुक्तीऐवजी सजीव प्राण्याचे सुख, तेही जिवंतपणी याच संसारात, आणि सतत पेटत्या विकारांवर धम्ममार्गाने चालण्याइतका ताबा, अशी त्यांची मांडणी आहे. स्थविरवादी परंपरेत विकारांचा पूर्ण क्षय अपेक्षित असल्याने या अर्थावर आक्षेप घेतले गेले. तथापि बुद्धांचा प्रमुख शिष्य सारिपुत्त याने निर्वाणाची व्याख्या रागक्षय, द्वेषक्षय, मोहक्षय अशीच केली होती, आणि हे तिन्ही क्षय जिवंत माणसाच्याच चित्तात घडतात. आंबेडकरांनी निर्वाण व परिनिर्वाण यांत काटेकोर भेद केला. त्यांचे देहावसान 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत झाले. दादरच्या चैत्यभूमीवर दरवर्षी पाळल्या जाणाऱ्या त्या दिवसाच्या नावात ‘महापरिनिर्वाण’ हाच शब्द आहे.