मेंदूतली गाठ पसरण्यात शेजारच्या निरोगी पेशींचा वाटा

मेंदूत गाठ झाली की ती एकटीच वाढते असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. आजूबाजूच्या ज्या चांगल्या, नॉर्मल पेशी असतात त्या तिला वाट करून देतात, पोसतात, कधी अडवतातही, आणि गाठ किती लांब जाणार हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. सगळ्यात ठळक हे ग्लायोब्लास्टोमात दिसतं, म्हणजे मोठ्या माणसांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या कॅन्सरमधला सगळ्यात कॉमन आणि फार वाईट प्रकार, ग्रेड 4 म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचा.

1928 मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने अशा पेशंटांचा उजवीकडचा अर्धा मेंदूच काढल्याचं छापलं, तरी रोग हटला नाही. पुढे दहाएक वर्षांनी हान्स शेररने मायक्रोस्कोपखाली बघून दाखवलं की या पेशी वाट्टेल तशा पसरत नाहीत, त्या रक्तवाहिन्यांच्या कडेने, पांढऱ्या तंतूंवरून आणि न्यूरॉन म्हणजे मेंदूतल्या सिग्नल नेणाऱ्या पेशींभोवती गोळा होत जातात. म्हणजे रस्ता नॉर्मल मेंदूचाच.

मायक्रोग्लिया हे मेंदूचे पहारेकरी. गाठ रसायनं सोडून त्यांना, आणि रक्तातून येणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींना, जवळ बोलावते आणि मग गाठीतल्या पेशींपैकी तिसरा हिस्सा, कधी निम्म्यापर्यंत यांचाच असतो. गाठ एक एन्झाइम सोडते पण ते बंद अवस्थेत असतं, मायक्रोग्लियाच्या अंगावरचं दुसरं एन्झाइम त्याला चालू करतं, आणि चालू झालं की ते पेशींमधलं जाळं कापत जातं आणि कॅन्सरच्या पेशी त्यातून पुढे सरकतात. ज्यांनी मारायचं तेच रस्ता मोकळा करतायत, याचं मला खरंच फार वाईट वाटतं. या पेशींना लगाम घालणारी औषधं उंदरांत छान चालली, माणसांत ग्लायोब्लास्टोमावर एकट्याने तसा फायदा दिसला नाही.

न्यूरॉनचा भाग त्याहून नवा. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या टीमने दाखवलं की न्यूरॉन काम करताना न्यूरोलिजिन-3 नावाचं प्रोटीन सुटतं आणि ते ग्लायोमाला (ग्लायोब्लास्टोमा ज्या गटातला त्या गाठींना) वाढवतं, मग 2019 ला त्यांनी आणि हायडेलबर्गच्या फ्रँक विंकलर वगैरेंनी वेगवेगळं काम करून सांगितलं की न्यूरॉन गाठीच्या पेशींशी चक्क सिनॅप्स, म्हणजे सिग्नल देणारे सांधे, जोडतात, ग्लुटामेट या मेंदूतल्या रसायनाचा सिग्नल गाठीत शिरतो, आणि त्याने तिची वाढही होते आणि पसरणंही. उलट गाठ स्वतःही ग्लुटामेट सोडते, त्यामुळे आजूबाजूचे न्यूरॉन भडकतात आणि पेशंटला आकडी येते. आकडीवरचं पेरॅम्पॅनेल हे औषध हा ग्लुटामेटचा सिग्नल अडवतं, म्हणून ते गाठीवर चालतं का याची माणसांत चाचणी सुरू झाली.

फुफ्फुस किंवा स्तनाच्या कॅन्सरमधून मेंदूत आलेल्या गाठींची गोष्ट वेगळी. 1889 मध्ये स्टीफन पॅजेट म्हणाला होता की बी कितीही पडलं तरी जमीन मानवली तरच रुजतं, आपल्याकडे कोकणात सड्यावरच्या कातळात भात टाकलं तर काय होतं ते माहीतच आहे. मेंदू त्या पेशींना सुरुवातीला असाच असतो, अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींमुळे तयार होणारं प्लाझ्मिन हे एन्झाइम त्यांतल्या बऱ्याच मारून टाकतं. पण ज्या कॅन्सरपेशी प्लाझ्मिनला अडवणारी सर्पिन नावाची प्रोटीनं बनवतात त्या वाचतात, आणि वाचल्या की त्याच अ‍ॅस्ट्रोसाइटशी बारीक जोडण्या करून त्यांच्याच मदतीने वाढतात.

हे कोकणात नीट समजणं मला फार गरजेचं वाटतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अजून म्हणतात की गाठीला सुरी लागली की ती पसरते, म्हणून मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात न्यायचं की गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात हे ठरवेपर्यंतच घरचे बायोप्सीला नको म्हणत बसतात. ग्लायोब्लास्टोमात सुरी लागायच्या आधीच पेशी नॉर्मल भागात पोचलेल्या असतात, एमआरआयवरही त्या सगळ्या दिसत नाहीत, आणि गाठ परत येते ती बहुतेक वेळा मूळ जागेपासून दोनेक सेंटिमीटरच्या आतच. म्हणूनच ऑपरेशननंतर आजूबाजूच्या भागालाही रेडिएशन देतात आणि सोबत टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध असतं, 2005 च्या मोठ्या अभ्यासात या जोडीने निम्मे पेशंट जगण्याचा काळ नुसत्या रेडिएशनच्या 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेला. डॉक्टर "सगळी काढली" म्हणाले तरी पुढच्या रेडिएशनच्या तारखा चुकवायच्या नाहीत.