पिक्सल, गुंठे आणि ग्रामसभा

जीआयएस (नकाशे आणि जागेची माहिती कॉम्प्युटरवर एकत्र हाताळायचं तंत्र) म्हटलं की डोळ्यासमोर येतं एसी ऑफिस, दोन मोठे मॉनिटर आणि रंगीबेरंगी नकाशे. ते आहेच, पण ही टेक्नॉलॉजी लोकांच्या किती कामाची हे बघायचं तर माझ्या मते वनहक्काचे दावे बघावेत, कारण तिथे उपग्रहाचे फोटो दाखवून सरकारी कमिट्यांनी दावे फेटाळले आणि लोकांनी तसलेच फोटो वापरून ते पुन्हा उभे केले.

थोडक्यात पार्श्वभूमी. 2006 चा वनहक्क कायदा म्हणतो की आदिवासी कुटुंब 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसत असेल तर जेवढी कसतंय तेवढ्यावर, जास्तीत जास्त 4 हेक्टरवर, त्याला हक्क मिळू शकतो. दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे, मग ग्रामसभा, मग उपविभाग, मग जिल्हा. आता पुरावा काय आणणार? सातबारा नाहीच, तोच तर मूळ प्रॉब्लेम. मग वनखात्याने अतिक्रमण म्हणून फाडलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, शेतातली विहीर, बांध असलं सगळं गोळा करायचं.

गुजरातमध्ये काय झालं की मोठ्या संख्येने दावे उपग्रहाच्या फोटोत 2005 साली शेती दिसत नाही म्हणून नामंजूर झाले. ऐकायला एकदम सायंटिफिक वाटतं ना? कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?

पण जरा आकडेमोड करू. त्या काळातल्या भारतीय उपग्रहांवर लिस-3 नावाचा कॅमेरा असायचा, त्याचा एक पिक्सल, म्हणजे फोटोतला सगळ्यात लहान चौकोनी ठिपका, जमिनीवर 23.5 मीटर बाय 23.5 मीटर, म्हणजे साधारण 552 चौरस मीटर, आपल्या भाषेत साडेपाच गुंठे. एवढ्या जागेतलं गवत, माती, झाडाची सावली, तुरीच्या चार ओळी या सगळ्याचा मिळून एकच रंग. एक एकर शेत म्हणजे हिशेबाने सव्वासात पिक्सल, पण शेताची बाजू पिक्सलच्या चौकटीवर बरोब्बर थोडीच बसते, त्यामुळे कडेचे पिक्सल अर्धे शेतात अर्धे जंगलात पडतात आणि पूर्णपणे शेताच्या आत बसणारे उरतात जेमतेम चार, कधी एकच. त्यात डोंगरउतारावरच्या शेतात मोहाची झाडं मुद्दाम राखलेली असतात, मोह कोण तोडणार? सॉफ्टवेअरला वरून दिसतो हिरवा रंग, ते सरळ ‘जंगल’ म्हणून मोकळं होतं. फोटो मे महिन्यातला असेल तर अजून मजा, नांगरून ठेवलेलं रान आणि पडीक माळ जवळपास सारखेच दिसतात. याहून बारीक दिसणारे कॅमेरे तेव्हाही होते, लिस-4 चा पिक्सल 5.8 मीटरचा, पण कुठला फोटो, कुठल्या महिन्यातला, हे ठरवणार कोण? जो फाइल हातावेगळी करायला बसलाय तो.

तर ‘आर्च’ नावाच्या संस्थेने नर्मदा जिल्ह्यातल्या गावांसोबत उलटा रस्ता धरला. गावातल्याच पोरांनी हातात जीपीएस घेऊन शेताच्या कडेकडेने चालायचं, सोबत शेतमालक आणि शेजारचे बांधकरी, आणि ती रेघ जुन्या फोटोवर टाकायची. आता तोच फोटो वेगळं बोलायला लागतो, कारण नेमकं कुठे बघायचं ते कळलेलं असतं, बांधाची रेघ दिसते, शेजारच्या जंगलापेक्षा पोत वेगळा दिसतो. शिवाय शेजारी सोबत चाललेला असतो म्हणजे हद्दीचं भांडण तिथल्या तिथे मिटतं, नाहीतर निदान नोंदवलं तरी जातं.

जीपीएसचंही फार कौतुक नको. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलची चूक साधारण 5 मीटरपर्यंत, दाट झाडीखाली त्याहून जास्त, कारण सिग्नल पानाखोडांवर आपटून वाकडातिकडा येतो. सगळी रेघ एकाच दिशेला सरकली तर क्षेत्रफळ बदलत नाही, फक्त जागा हलते, पण प्रत्येक कोपरा वेगवेगळीकडे उडाला तर 20 गुंठ्याच्या तुकड्यात बऱ्यापैकी गडबड होते. म्हणून कोपऱ्यावर थोडं थांबून बरेच रीडिंग घ्यायचे आणि त्यांची सरासरी धरायची.

पुढे 2012 मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन स्पष्ट लिहिलं गेलं की उपग्रहाचे फोटो इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. 2013 मध्ये गुजरात हायकोर्टानेही नुसत्या उपग्रहाच्या फोटोवर दावे फेटाळण्याविरुद्ध निकाल दिला. म्हणजे म्हातारीचा जबाब आणि उपग्रहाचा फोटो एकाच टेबलावर आले, आणि मला ही गोष्ट फार भारी वाटते.

सामूहिक हक्काचा, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून जंगल वापरायच्या आणि राखायच्या हक्काचा, मामला अजून गमतीदार. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. असल्या दाव्यात शेत नाही, गावाची पारंपरिक हद्द दाखवायची असते, आणि ती असते अमक्या नाल्यापासून तमक्या टेकडीपर्यंत, मग देवाचं झाड, मग मोठा दगड. ही हद्द शेजारच्या गावाला मान्य लागते, म्हणून दोन्ही गावचे लोक मिळून चालतात. आणि बायका सोबत हव्यातच, हे सांगून सांगून लोक थकले. पुरुषांना हद्द पाठ असते, पण सरपण कुठून येतं, उन्हाळ्यात कुठला झरा टिकतो, चारोळी कुठे, हे बायकांना विचारल्याशिवाय नकाशात येतच नाही, आणि नकाशात नाही ते पुढे जंगल सांभाळायच्या आराखड्यातही नाही.

असंच काहीसं 2009 मध्ये केनियातल्या नैरोबीच्या किबेरा वस्तीत झालं. एवढी दाटीची वस्ती, पण ऑनलाइन नकाशावर जवळजवळ कोरी जागा! तिथल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या आणि पाण्याचे नळ, दवाखाने, संडास सगळं ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा ऑनलाइन नकाशावर, टाकलं.

पण सगळंच नकाशावर टाकायचं का, यावरही ग्रामसभेत बोलणं व्हायला हवं. औषधी वनस्पतीची नेमकी जागा, मधाची पोळी, देवाचं ठिकाण हे एकदा इंटरनेटवर गेलं की परत घेता येत नाही, बाहेरचा कुणीही फोन घेऊन तिथे पोचू शकतो. यावर साधा उपाय म्हणजे दोन नकाशे, एक दाव्यासोबत जाणारा, ज्यात हद्द आणि मोजक्या खुणा, आणि एक गावाचा स्वतःचा.

आणि तो दुसरा नकाशा असतो कुठे? बऱ्याचदा संस्थेच्या कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर. कार्यकर्ता गेला, लॅपटॉप गेला, फाइल गेली, मग पुढच्या आराखड्याच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून चाला. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, गावातल्या दोघा-तिघा पोरापोरींना ते शिकवून फाइलची एक कॉपी ग्रामसभेच्या कपाटात, दाव्याच्या कागदांसोबत पेन ड्राइव्हवर ठेवायला काहीच हरकत नाही.