खुर्चीतील व्यायाम

खुर्चीतील व्यायाम : उभे राहणे वा चालणे ज्यांना अवघड, धोक्याचे किंवा अशक्य झाले आहे, अशा व्यक्तींनी खुर्चीत, पलंगाच्या कडेला किंवा व्हीलचेअरमध्ये बसून करायचा व्यायाम. सांधे मोकळे करणे, स्नायूंना ताण देणे, भार पेलून ताकद वाढवणे आणि जरा धाप लागेल इतपत हातपाय चालवणे हे सगळे त्यात येते. गुडघ्यांची झीज, अर्धांगवायू, कंपवात, मज्जारज्जूची इजा, खुब्याचे ऑपरेशन, लांबलेले आजारपण किंवा नुसते वय ही त्यामागची नेहमीची कारणे. योगवर्गांत याला 'चेअर योगा' म्हणतात, घरात 'बसून करायचे व्यायाम'.

तालमीत 'बैठक' म्हणजे बसणे नव्हे. खाली जाऊन पुन्हा उठणे. खुर्चीतून हात न टेकता उठायचे आणि सावकाश परत बसायचे, ही त्या बैठकेची अर्धी आवृत्ती झाली, आणि या साऱ्या प्रकारात सर्वांत मोलाची हालचाल तीच. घरोघरी मात्र उलटे दिसते. मोबाइलवर व्हिडिओ लावला जातो, हात वर-खाली होतात, टाळ्या वाजतात, मान इकडे-तिकडे फिरते. वीस मिनिटे संपतात आणि मांड्यांना काही कामच मिळत नाही. हात हलवणे सोपे असते आणि बरेही वाटते. पण संडासातून उठताना माणूस अडतो तो मांड्यांमुळे. तरुणपणी आखाड्यात गेलेल्या आजोबांना 'चेअर एक्सरसाइज करा' म्हटले की त्यांना कमीपणा वाटतो. 'अर्ध्या बैठका काढा' म्हटले की ते मोजायला लागतात.

बसून राहण्याची किंमत

वापर थांबला की स्नायू किती झपाट्याने जातात, याचा अंदाज सहसा नसतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू कमी झाला. ही माणसे आजारी नव्हती. ताप, न्यूमोनिया किंवा ऑपरेशन यांनी अंथरूण धरलेल्यांचे नुकसान याहून अधिक.

गेलेली ताकद परत येते का, याचे उत्तर बोस्टनमधील एका वृद्धाश्रमात मिळाले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला. आठ आठवडे पुरे करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. यंत्र बाजूला ठेवले तर हालचाल साधीच आहे : बसल्या जागी गुडघा सरळ करायचा. फरक एवढाच की वजन खरोखर जड होते. हलक्या वजनाने पन्नास वेळा पाय झुलवून हा परिणाम मिळत नाही. ज्या वजनाने आठ-दहा वेळांनंतर 'आता पुरे' वाटते, ते योग्य वजन.

पोटऱ्यांचे काम वेगळे. पायांच्या शिरांतील रक्त वर ढकलायला पोटरीचा स्नायू पंपासारखा आवळावा लागतो. दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्यांचे घोटे संध्याकाळी सुजतात, चपलेचा पट्टा रुततो, ते यामुळेच. टाचा टेकवून चवडे उचलणे आणि चवडे टेकवून टाचा उचलणे ही हालचाल त्यासाठीच असते. सकाळी पलंगावरून उठण्याआधी ती वीसेक वेळा केली तर उठताच येणारी चक्करही बरीच टळते.

खुर्ची

अंगणातली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची या कामाला वाईट. कडेवर सरकून बसले की तिचे पुढचे पाय फाकतात आणि गुळगुळीत फरशीवर ती मागे सटकते. सोफ्यात माणूस रुततो, ऑफिसच्या खुर्चीला चाके असतात. लाकडी किंवा लोखंडी, चार पायांची, पाठ सरळ असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण जमिनीला लागले पाहिजेत. बुटक्या माणसाला पायाखाली पाट लागतो, पण उठण्याचा व्यायाम करताना तो काढून घ्यावा. तोल जाण्याची भीती असेल तर हात असलेली खुर्ची हवी. पायांत मोजे नकोत. अनवाणी किंवा मागे पट्टा असलेली चप्पल बरी.

इतर सामान घरातच असते. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलोचे वजन. जुन्या मोज्यात मूग किंवा वाळू भरून तोंड शिवले की घोट्याला बांधायचे वजन तयार होते. ताण देण्यासाठी पंचा किंवा जुनी ओढणी, मांड्यांमध्ये दाबायला मुलांचा रबरी चेंडू.

उठणे

आजी उठताना नातू समोरून दोन्ही हात धरून ओढतो, हे दृश्य ओळखीचे आहे. यात दोघांचेही नुकसान होते : ओढले की आजी आपोआप मागे रेलते, तिचा भार खुर्चीतच राहतो, आणि खांदा दुखावतो तो वेगळा. उठण्याची रीत 'आधी पुढे, मग वर' अशी आहे. पहिल्यांदा बूड सरकवत खुर्चीच्या कडेशी यायचे. मग पावले मागे घ्यायची, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे येतील इतकी. मग पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकायचे; नाक पायाच्या बोटांच्या वर आले की बूड स्वतःहून हलके होते. तेव्हाच पायांनी जमीन दाबायची. नातवाने समोर नव्हे, बाजूला उभे राहावे आणि कमरेशी हात ठेवावा.

जमत नसेल त्यांनी खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवावी आणि काही आठवड्यांनी ती काढावी. तेही जमत नसेल तर बूड दोन बोटे उचलून परत टेकवणे एवढेही चालते. बसताना धपकन पडू नये; तीनपर्यंत मोजत खाली यावे. वर जाण्याइतकीच ताकद हे खाली येणे वाढवते, आणि कंटाळून लोक नेमके तेच सोडतात.

प्रगती मोजण्याची एक सोपी चाचणी आहे. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीतून, हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार ७० ते ७४ वयात पुरुषाला १२ आणि स्त्रीला १० वेळांहून कमी जमले, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. हाताचा आधार घेतला की गुण शून्य.

ताण देणे

उठायला शिकतानाच अडलेले स्नायू कळतात. तासन्‌तास बसल्याने मांडीच्या मागचे स्नायू आखडतात, पोटऱ्या आखूड होतात, छाती मिटते आणि पाठीला पोक येतो. पोटरी आखडलेल्याला पावले मागे घेताच येत नाहीत. तळव्याखालून पंचा घालून दोन्ही टोके हातात धरावीत, गुडघा सरळ करावा आणि चवडा आपल्याकडे ओढावा. वीस-तीस सेकंद तसेच धरावे, झटके देऊ नयेत. छातीसाठी दोन्ही हात पाठीमागे नेऊन खुर्चीची पाठ धरावी आणि फरे (खांद्याची पाती) एकमेकांकडे आणावेत. श्वास चालू हवा. कुंथत, दम कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो, म्हणून आकडे मोठ्याने मोजायला सांगतात. मोजणाऱ्याला दम कोंडता येत नाही.

ताण नेहमी भल्याचाच असतो असेही नाही. मानेतील सहाव्या मज्जाखंडाच्या (मज्जारज्जूच्या भागाच्या) पातळीवर इजा झालेल्यांची बोटे हलत नाहीत, पण मनगट वर उचलता येते. मनगट वर गेले की बोटांच्या आखूड झालेल्या कंडरांमुळे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांमुळे) बोटे आपोआप मिटतात आणि त्या पकडीत पेला किंवा चमचा धरता येतो. घरचे माणूस मायेपोटी रोज मनगट मागे वाकवून बोटेही पूर्ण सरळ करत राहिले, तर त्या कंडरा सैलावतात आणि मिळालेली पकड जाते. अशा हाताची बोटे मनगट खाली सोडूनच उलगडायची असतात.

अर्धांगवायूनंतर लुळ्या पडलेल्या खांद्याचेही तसेच. तो सांधा स्नायूंच्या धरबंधाशिवाय लोंबत असतो; हात धरून उठवले किंवा दोरीने डोक्यावर खेचला तर दुखणे कायमचे मागे लागते. चांगल्या हाताची बोटे लुळ्या हाताच्या बोटांत गुंफून, दोन्ही हात टेबलावर पुढे सरकवणे हे त्यासाठी सुरक्षित.

व्हीलचेअरवर

उठण्याची शक्यता ज्यांच्या बाबतीत नाही, त्यांचे गणित निराळे. तेथे खांदे हेच पाय. चाके ढकलून छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू आवळत जातात, म्हणून व्यायामात ढकलण्यापेक्षा ओढणे अधिक हवे : रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपर मागे नेत ओढायचा. दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे किंवा एका बाजूला झुकून बुडावरचा भार हलका करणे हाही व्यायामच. संवेदना नसलेल्या त्वचेला शय्याव्रण (सतत दाबाने पडणारी जखम) होताना कळत नाही. छातीतील सहाव्या मज्जाखंडाच्या किंवा त्यावरच्या इजेत व्यायामाच्या वेळी एकाएकी डोके ठणकले, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर व्यायाम थांबवून ताठ बसवावे आणि आधी लघवीची पिशवी व नळी पाहावी. तुंबलेले मूत्राशय हे रक्तदाब असा उसळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. लक्षणे ओसरली नाहीत तर लगेच दवाखाना गाठावा.

पूर्वपीठिका

मज्जारज्जूच्या रुग्णाने बिछान्यात पडून राहायचे, हा समज मोडण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. लुडविग गुटमान यांना जाते. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे त्यांनी जखमी सैनिकांसाठी विभाग उघडला आणि व्यायाम व खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी तेथे १६ खेळाडूंनी व्हीलचेअरवरून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. पुढच्या पॅरालिंपिकचे मूळ तेच.

महाराष्ट्रात खुर्ची योगात आली ती योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्यामुळे. १९३७ साली पुण्यात आलेल्या अय्यंगारांनी घडीची लोखंडी खुर्ची, पट्टे, लोड, विटा आणि दोर यांचा आसनांना टेकू म्हणून उपयोग केला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेतून ही पद्धत जगभर गेली. त्यांची खुर्ची मात्र फक्त बसायला नव्हती. तिच्या पाठीचा पत्रा काढून त्या चौकटीतून पाय घालून मागे वाकायचे, असा तिचा वापर. आजच्या 'चेअर योगा'हून तो पुष्कळ कष्टाचा. घरगुती वर्गांत जे चालते त्याचे नाते सूक्ष्म व्यायामाशी (योगातील हलक्या, सांधे मोकळे करणाऱ्या हालचालींशी) आणि पवनमुक्तासनाच्या सांधे फिरवण्याच्या मालिकेशी अधिक जवळचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्यायामविषयक मार्गदर्शक सूचनांत अपंगत्व असलेल्यांचा स्वतंत्र विचार प्रथम २०२० साली झाला. प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हेच माप त्यांनाही लागू केले, मात्र जमेल तेवढ्याने सुरुवात करावी या सल्ल्यासह. मध्यम म्हणजे बोलता येते, पण गाता येत नाही.

मर्यादा

हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून पायांपर्यंत वाकणे आणि जोरात पिळणे टाळावे. तेवढ्यानेही मणका पिचू शकतो. मागच्या बाजूने छेद घेऊन खुब्याचा सांधा बदललेल्यांना सुरुवातीचे काही आठवडे मांडी आणि पोट यांत काटकोनाहून कमी कोन होऊ द्यायचा नसतो, म्हणून बुटकी खुर्ची, पायावर पाय टाकणे आणि वाकून चप्पल उचलणे वर्ज्य. छातीत दुखणे, भोवळ, पोटरी एकाच बाजूची सुजून दुखणे यांपैकी काही झाले तर व्यायाम नव्हे, डॉक्टर.

बसून केलेल्या व्यायामाने तोल फारसा सुधारत नाही. तोल उभ्यानेच शिकावा लागतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात वृद्धांसाठी तयार झालेल्या, घरीच करायच्या कार्यक्रमाने पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. त्यात घोट्याला वजन बांधून बसल्या बसल्या गुडघा सरळ करण्यापासून आधार धरून उभ्याने टाचा उचलण्यापर्यंतचे टप्पे आहेत. ज्यांना आधाराने का होईना उभे राहता येते, त्यांनी खुर्चीतच थांबू नये. आपल्याकडे त्यासाठी स्वयंपाकाचा ओटा चांगला : पक्का, हलत नाही, उंचीही नेमकी. मागे खुर्ची ठेवायची, ओट्याची कड धरायची आणि टाचा उचलायच्या. गॅस मात्र बंद हवा.