सुटका झाली, पुढे काय? मानवी तस्करीविरोधी कायद्याची पार्श्वभूमी

माणसांच्या अपव्यापाराला, म्हणजे तस्करीला, आणि वेठबिगारीला संविधानाच्या कलम २३ नेच मनाई केली. पण १९५६ साली कायदा आला तो स्त्रिया व मुलींच्या ‘अनैतिक व्यापारा’चा. १९८६ मध्ये त्याचं नाव बदलून ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ झालं. बातम्यांत आपण ‘पिटा’ वाचतो तो हाच. फसवून आणलेल्या मुलीपेक्षा समाजाच्या नीतीची काळजी त्यात जास्त आहे. रस्त्यावर गिऱ्हाइकाला खुणावणाऱ्या बाईला शिक्षा देणारं कलम ८ आजही कायम आहे. सोडवून आणलेल्या बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतो. बाईला ती कैदच वाटते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्त्यांवर मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली सोडवल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास नेपाळच्या. त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकार तयार होईना. मुली कित्येक महिने सुधारगृहांत अडकून पडल्या. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन १२८ जणींना काठमांडूला नेलं. त्यांच्यातल्याच काही मुलींनी ‘शक्ती समूह’ उभा केला आणि २०१३ मध्ये या संघटनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना घ्यायला कुणी तयार नव्हतं, त्याच पुढे इतर मुलींना आधार देऊ लागल्या. छाप्याची तयारी असते, दुसऱ्या दिवसाची नसते, हे मुंबईने तेव्हा पाहिलं.

पुनर्वसनासाठी २००७ मध्ये केंद्राची ‘उज्ज्वला’ योजना आली. पण योजना म्हणजे हक्क नव्हे. निधी थांबला की निवाराही डळमळतो. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये तस्करीची व्याख्या आली आणि पीडितेची संमती गैरलागू ठरली. तीही शिक्षेचीच तरतूद.

मदतीला कायद्याचा आधार देऊ पाहणारं विधेयक २६ जुलै २०१८ रोजी लोकसभेत मंजूर झालं. अंतरिम मदत तीस दिवसांत, शिवाय पुनर्वसन निधी. राज्यसभेत ते मंजूर झालंच नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. सज्ञान, स्वेच्छेने देहविक्रय करणाऱ्या बायकाही छाप्यांत भरडल्या जातील, हा त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सज्ञान स्त्रियांना मनाविरुद्ध संरक्षणगृहात डांबण्याविरुद्ध निर्देश दिले.

२०२१ चा तस्करीविरोधी विधेयकाचा नवा मसुदा हरकती-सूचनांपर्यंतच पोचला. १ जुलै २०२४ पासून कलम ३७० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ आलं. त्यातही तस्कराची शिक्षा आहे. मुलीच्या निवाऱ्याची तरतूद नाही.